स्टुडिओ-फ्लॅशची निवड : हस्तलिखिते व ताम्रपट यांच्या छायाचित्रणाच्या दृष्टीने

१. विषयप्रवेश

संशोधनकार्यात छायाचित्राला आज जे स्थान प्राप्त झाले आहे, ते केवळ ग्रंथाची शोभा वाढविणाऱ्या चित्राचे नव्हे. पोथीचे पान, ताम्रपटाचा पत्रा किंवा एखादे नाणे यांचे छायाचित्र पुष्कळदा मूळ वस्तूचे प्रतिनिधी म्हणून अभ्यासकाच्या हाती पडते. त्यावरून तो अक्षरांची वळणे ठरवितो, शाईतील भेद पाहतो, मूळची ओळ कोणती आणि मागाहून घातलेली कोणती याचा निर्णय करतो. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन तेथील ग्रंथ व हस्तलिखिते यांची जी हानी झाली, तिने एक गोष्ट सर्वांच्याच मनावर ठसविली : मूळ वस्तू नाहीशी होऊ शकते, आणि मग तिची प्रत हाच एकमेव पुरावा उरतो. ती प्रत विश्वसनीय असावी, अशी अपेक्षा करणे हे म्हणूनच चैनीचे लक्षण नाही.

अशा प्रतीची विश्वसनीयता कॅमेरा व भिंग यांच्याइतकीच प्रकाशावर अवलंबून असते. तथापि कॅमेऱ्याच्या निवडीबद्दल जेवढी चर्चा होते, तेवढी प्रकाशसाधनांविषयी होत नाही. विभागासाठी स्टुडिओ-फ्लॅश, ज्याला व्यवहारात ‘स्ट्रोब’ असेही म्हणतात, खरेदी करण्याची वेळ आली म्हणजे दरपत्रकांत सर्वांत ठळकपणे छापलेला आकडा ‘ज्यूल’चा असतो आणि निवडही त्याच आकड्यावरून होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही कसोटी चुकीच्या ठिकाणी लावलेली आहे. फ्लॅशचा दर्जा तो किती मोठा प्रकाश पाडतो यावर नसून, तोच प्रकाश, तेवढाच आणि त्याच रंगाचा, पुनःपुन्हा पाडू शकतो की नाही यावर आहे. तीनशे पानांच्या पोथीचे पहिले पान सोमवारी व शेवटचे पान शुक्रवारी टिपले गेले, आणि दोहोंतील कागदाचा रंग निराळा दिसला, तर तो भेद कागदाचा की दिव्याचा, हे पुढील अभ्यासकाला कधीही सांगता येणार नाही. या प्रतिपादनामागील भौतिकी समजून घेणे, आणि खरेदीपूर्वी विभागाला स्वतःच करता येईल अशी परीक्षा सुचविणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका

विद्युत्-ठिणगीच्या प्रकाशात छायाचित्र घेण्याची कल्पना नवी नाही. इ. स. १८५१ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वेगाने फिरणाऱ्या चकतीवर छापील कागद चिकटविला, लेडन-घटांच्या ठिणगीने तो क्षणभर उजळविला आणि त्याचे छायाचित्र घेतले. हलती वस्तू स्थिर दिसावी याचे कारण कॅमेऱ्याची चपळता नव्हे, तर प्रकाशाचे क्षणिकत्व होय, हे तत्त्व त्या प्रयोगातच आलेले आहे. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील हॅरोल्ड एजर्टन यांनी फिरत्या विद्युत्-यंत्रांच्या अभ्यासासाठी स्ट्रोबोस्कोप हे साधन विकसित केले. त्यांची डॉक्टरेट १९३१ ची आहे. ‘गरगर फिरणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले हे नाव वस्तुतः ठराविक अंतराने लुकलुकणाऱ्या दिव्याचे. परंतु त्याचेच संक्षिप्त रूप ‘स्ट्रोब’ आता एकेकदा चमकणाऱ्या स्टुडिओ-फ्लॅशलाही रूढ झाले आहे.

आजच्या स्टुडिओ-फ्लॅशची रचना थोडक्यात अशी. मुख्य विद्युत्-पुरवठ्यातून किंवा बॅटरीतून घेतलेली ऊर्जा उच्च दाबाच्या धारित्रात साठविली जाते. झेनॉन वायूने भरलेल्या नळीभोवतीच्या तारेला काही हजार व्होल्टांचा क्षणिक धक्का दिला की वायूचे आयनीभवन होते. नळी विद्युद्वाहक बनते आणि धारित्रातील सर्व भार तीतून वाहून जातो. झेनॉनच्या निवडीचे कारण असे की, या स्थितीत त्याचा वर्णपट बऱ्याच अंशी अखंड व दिवसाच्या प्रकाशाशी जुळणारा असतो.

३. ज्यूलचा आकडा काय सांगतो

धारित्रात साठणारी ऊर्जा पुढील परिचित सूत्राने मिळते :

ऊर्जा = ½ × धारिता × (दाब)²

उदाहरणार्थ, ४,००० मायक्रोफॅरडचे धारित्र ४५० व्होल्टांपर्यंत भारित केले, तर त्यात ४०५ ज्यूल ऊर्जा साठेल. एक ज्यूल म्हणजेच एक वॅट-सेकंद. म्हणून दरपत्रकांत दोन्ही शब्द आढळतात. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे की, हे माप साठविलेल्या विजेचे आहे, प्रकाशाचे नव्हे. त्या विजेपैकी किती भाग प्रकाशात रूपांतरित होतो हे नळीवर, आणि त्या प्रकाशापैकी किती वस्तूवर पडतो हे परावर्तकावर अवलंबून असते. समान ज्यूलचे दोन फ्लॅश म्हणूनच असमान प्रकाश देऊ शकतात.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. छायाचित्रणात उद्भासनाची, म्हणजेच एक्स्पोझरची, मोजणी ‘स्टॉप’मध्ये होते आणि प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो. यास्तव ४०० ज्यूलच्या जागी ६०० ज्यूलचा फ्लॅश घेतला, तर लाभ अर्ध्या स्टॉपहून किंचितच अधिक होतो. भिंगाचे छिद्र थोडे मोठे केल्याने किंवा दिवा थोडा जवळ आणल्याने तो फुकट मिळू शकतो. किमतीतील फरक मात्र अर्ध्या स्टॉपचा नसतो.

तेव्हा आपल्याला प्रकाश किती लागतो, हे आधी ठरविले पाहिजे. त्यासाठी ‘गाइड नंबर’ हे जुने माप उपयुक्त आहे : अंतर (मीटरमध्ये) आणि छिद्राचा एफ-अंक यांचा तो गुणाकार असून, तो सामान्यतः आयएसओ १०० या संवेदनक्षमतेसाठी दिलेला असतो. समजा, पोथीचे पान सपाट ठेवले आहे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एकेक फ्लॅश दीड मीटर अंतरावर आहे आणि छिद्र एफ/८ आहे. एकच दिवा समोरून असता तर गाइड नंबर १.५ × ८ म्हणजे १२ लागला असता. दोन तिरप्या दिव्यांचा एकत्रित प्रकाश समोरच्या एका दिव्याच्या सुमारे १.४ पट होतो; म्हणून प्रत्येकाला सुमारे १० पुरतो. प्रकाश मऊ करण्यासाठी पुढे पांढरा पडदा लावून दोन स्टॉप गमावले, तरी २० हा अंक पुरेसा आहे. साध्या परावर्तकासह २०० ज्यूलच्या स्टुडिओ-फ्लॅशचा गाइड नंबर सहसा याच्या दुपटीहून अधिक असतो. म्हणजे हस्तलिखितांच्या सामान्य कामासाठी २०० ज्यूलचा फ्लॅशही पाव शक्तीवर चालवावा लागेल.

ताम्रपट व नाणी यांची गोष्ट वेगळी. धातूवरील चकाकी घालविण्यासाठी दिव्यापुढे एक व भिंगापुढे त्याला काटकोनात दुसरे असे ध्रुवणकारी पटल लावण्याची पद्धत आहे. या दोन पटलांपायी सुमारे तीन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो, म्हणजे आठपट प्रकाश लागतो आणि गाइड नंबर जवळजवळ तिपटीने वाढवावा लागतो. येथे ४०० ज्यूलचा फ्लॅश सकारण ठरतो. सारांश, ज्यूलचा आकडा कामाच्या गरजेवरून, गणित करून ठरवावा. ते गणित न करता घेतलेला १,००० ज्यूलचा फ्लॅश बहुधा आयुष्यभर आपल्या न्यूनतम शक्तीवर चालेल, आणि बऱ्याच फ्लॅशांचे वर्तन सर्वांत बिघडते ते नेमके तेथेच.

४. सातत्य : प्रकाशाच्या प्रमाणाचे

वरील सूत्रात दाबाचा वर्ग आहे, ही गोष्ट निवडीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. धारित्राचा दाब २ टक्क्यांनी वाढला तर ऊर्जा ४ टक्क्यांनी वाढते. आपल्याकडील पुरवठ्याचा नाममात्र दाब २३० व्होल्ट असला, तरी दिवसाच्या निरनिराळ्या वेळी तो वरखाली होतो, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही सांगावयास नको. चांगल्या फ्लॅशमध्ये धारित्राचा दाब मोजून तो ठरलेल्या मर्यादेशी काटेकोरपणे थांबविणारे मंडल असते. पुरवठा कमी झाला, तर भारित होण्यास वेळ अधिक लागतो, पण अंतिम दाब बदलत नाही. हलक्या प्रतीच्या फ्लॅशमध्ये ही काटेकोरी नसते.

याच संदर्भात ‘तयार’ दर्शविणाऱ्या दिव्याकडे अथवा ध्वनीकडे साशंकतेने पाहावे. काही फ्लॅश पूर्ण भारित होण्याआधीच तयारीची सूचना देतात. घाईने पाने उलटणारा कार्यकर्ता सूचना मिळताच शटर दाबतो आणि प्रत्येक चित्र किंचित निराळ्या उजेडाचे होते. तशीच गोष्ट शक्ती कमी करण्याची. धारित्रात आधीच साठलेला जादा भार बाहेर टाकल्याखेरीज दाब उतरत नाही. चांगले फ्लॅश तो आपण होऊन आतल्या आत जिरवितात. इतरांत शक्ती कमी केल्यावर एकदा रिकामा फ्लॅश उडवावा लागतो. तो न उडविल्यास पहिले चित्र हमखास अधिक उजळ येते.

उत्पादक सातत्याचा आकडा स्टॉपमध्ये देतात. त्याचा अर्थ टक्क्यांत करून घेणे इष्ट : ०.१ स्टॉप म्हणजे सुमारे ७ टक्के आणि ०.०५ स्टॉप म्हणजे सुमारे ३.५ टक्के. व्यक्तिचित्रात ७ टक्क्यांचा फरक कोणाच्या नजरेसही येणार नाही. परंतु शेजारशेजारची पाने तुलनेसाठी मांडली जाणार असतील, किंवा मोठा पट तुकड्यातुकड्यांनी टिपून मागाहून जोडावयाचा असेल, तर तो सांध्याशी स्पष्ट दिसतो.

५. सातत्य : रंगाचे

प्रकाशाच्या रंगाचे प्रचलित माप ‘वर्णतापमान’ हे असून ते केल्विनमध्ये सांगतात. स्टुडिओ-फ्लॅशसाठी ते सामान्यतः ५,५०० केल्विनच्या आसपास असते. दरपत्रकांत पुढे ‘अधिक-उणे २०० केल्विन’ अशी पुस्ती असते. तिचा अर्थ लावताना हे लक्षात ठेवावे की, केल्विनमधील समान फरक सर्वत्र समान दिसत नाही. त्याकरिता ‘मायर्ड’ हे माप वापरतात : दहा लाखांस वर्णतापमानाने भागिले असता मायर्ड मिळतात. ५,५०० व ५,७०० केल्विन यांतील अंतर ६.४ मायर्ड होते. तेच ३,२०० व ३,४०० यांमध्ये १८.४ मायर्ड होते. म्हणजे फ्लॅशच्या बाबतीत २०० केल्विनचा फरक जुन्या तापदीपातील तेवढ्याच फरकापेक्षा पुष्कळ सौम्य असतो. तथापि एका मर्यादेपासून दुसरीपर्यंतचे अंतर एकूण ४०० केल्विनचे होते; जुन्या कागदाचा पिवळेपणा हा जेथे स्वतःच पुरावा असतो, तेथे तेवढा भेद दुर्लक्षणीय नाही.

सरासरी रंग किंचित निळसर वा किंचित पिवळसर असणे हा मोठा दोष नव्हे; ग्रे कार्डाच्या आधारे तो सुधारून घेता येतो. जो रंग शक्ती बदलताच बदलतो, किंवा कारणावाचून दर खेपेस बदलतो, तो दुरुस्त करणे मात्र अवघड. शक्ती नियंत्रित करण्याच्या दोन मुख्य पद्धती येथे समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली पद्धत धारित्राचा दाब कमी करण्याची. वरील उदाहरणात ऊर्जा निम्मी करावयाची, तर दाब ४५० वरून सुमारे ३१८ व्होल्टांवर आणावा लागेल. दाब उतरला की नळीतील प्रवाह मंदावतो, वायू तेवढा तप्त होत नाही आणि प्रकाश तांबूसपणाकडे झुकतो. त्याचबरोबर फ्लॅश अधिक काळ रेंगाळतो. दुसरी पद्धत धारित्र पूर्ण भारित ठेवून, आय. जी. बी. टी. नावाच्या इलेक्ट्रॉनिक कळीने प्रवाह मध्येच तोडण्याची. फ्लॅशचा आरंभीचा भाग निळसर व शेपटीचा भाग तांबूस असतो. शेपटी कापली गेली म्हणजे उरलेला प्रकाश निळसर होतो, मात्र फ्लॅश अत्यल्पकालिक होतो. म्हणजे कमी शक्तीवर एक पद्धत तांबडीकडे व दुसरी निळीकडे ढळते. उच्च प्रतीच्या फ्लॅशमध्ये दोहोंचा मेळ घालून हे दोन दोष परस्परांकडून बरेचसे नाहीसे करविले जातात, आणि अशा फ्लॅशची किंमत अधिक असण्याचे एक खरे कारण हेच आहे.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. ज्या विभागाला मध्यम किमतीचाच फ्लॅश परवडतो, त्याने एक शक्ती ठरवावी आणि संपूर्ण संग्रह त्याच शक्तीवर टिपावा; उजेड कमी-अधिक करावयाचा तो अंतर बदलून. दोन दिवे एकाच जातीचे, शक्य तर एकाच वेळी घेतलेले असावेत. निरनिराळ्या जातीचे दिवे दोन बाजूंस ठेवल्यास पानाची डावी कड एका रंगाची व उजवी दुसऱ्या रंगाची होते.

६. फ्लॅशचा कालावधी

फ्लॅश एकदम पेटून एकदम विझत नाही. तो झपाट्याने शिखरास पोचतो आणि हळूहळू उतरतो. त्याचा कालावधी मोजण्याचे दोन संकेत आहेत. ‘टी ०.५’ म्हणजे तेजस्विता शिखराच्या निम्म्याहून अधिक असण्याचा काळ, ‘टी ०.१’ म्हणजे ती एक-दशांशाहून अधिक असण्याचा काळ. दरपत्रकांत बहुधा पहिलाच आकडा दिलेला असतो, कारण तो लहान व आकर्षक दिसतो. उतार घातांकी मानला, तर दुसरा काळ पहिल्याच्या सुमारे ३.३ पट येतो. टी ०.५ जर १/१,००० सेकंद असेल, तर टी ०.१ सुमारे १/३०० सेकंद होईल. सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरणारा नर्तकाचा हात १/१,००० सेकंदात ५ मिलीमीटर सरकतो. पण १/३०० सेकंदात जवळजवळ १७ मिलीमीटर. चित्रातील अस्पष्टता दुसऱ्या आकड्याशी अधिक जुळते. म्हणून दोन फ्लॅशांची तुलना करताना दोहोंचे आकडे एकाच संकेताचे आहेत ना, हे प्रथम पाहावे. शेपटी कापणाऱ्या फ्लॅशमध्ये कमी शक्तीवर हे दोन काळ बरेच जवळ येतात, हेही ध्यानात असावे.

पोथीचे पान नाचत नाही. मग या गुणाचा आपल्याला काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग दोन प्रकारचा आहे. एक, जुन्या इमारतीच्या लाकडी तक्तपोशीवर किंवा रहदारीच्या रस्त्यालगत कॅमेऱ्याचा स्टँड सतत सूक्ष्मपणे कापत असतो. दीर्घ उद्भासनात ती कंपने अक्षरांच्या कडा पुसट करतात, फ्लॅशमध्ये त्यांना अवसरच मिळत नाही. दुसरा मुद्दा शटरचा. बहुतेक कॅमेऱ्यांचे शटर फ्लॅशसह सुमारे १/२०० ते १/२५० सेकंदापर्यंतच वापरता येते. मोठ्या शक्तीवरील रेंगाळणारा फ्लॅश त्याहून लांबला, तर शेपटीचा काही भाग बंद होणाऱ्या शटरमुळे कापला जातो आणि उद्भासन अनिश्चित होते. यास्तव खोली अंधारी करून १/६० किंवा १/१२५ सेकंदावर काम करणे श्रेयस्कर.

७. मूळ वस्तूची सुरक्षितता

फ्लॅशमुळे हस्तलिखितास अपाय होतो, अशी समजूत ग्रंथालयांत सर्वत्र आढळते. तिचे परीक्षण आकड्यांनी करणे बरे. कागद, शाई व रंग यांवर होणाऱ्या परिणामाचे मुख्य माप म्हणजे प्रकाशाची एकूण मात्रा, अर्थात् प्रदीपन गुणिले काळ. आयएसओ १०० व एफ/८ असता योग्य उद्भासनासाठी पानावर सुमारे १६० लक्स-सेकंद एवढी मात्रा पडावी लागते. आता संग्रहालयांत संवेदनशील वस्तूंसाठी शिफारस केली जाणारी ५० लक्सची मर्यादा घ्या. त्या मंद प्रकाशात पान आठ तास प्रदर्शनात ठेवले, तर मात्रा १४,४०,००० लक्स-सेकंद होते. म्हणजे एका दिवसाचे सौम्य प्रदर्शन सुमारे ९,००० फ्लॅशांच्या बरोबरीचे आहे. उलट, चित्र जुळविण्यासाठी १,००० लक्सचा दिवा दहा मिनिटे चालू ठेवला, तर ६,००,००० लक्स-सेकंद, म्हणजे सुमारे ३,७५० फ्लॅशांची मात्रा एका पानावर पडते. धोका कोठे आहे, हे यावरून उघड होईल.

तथापि दोन अटी आहेत. झेनॉनच्या प्रकाशात जंबुपार, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, किरणही असतात. नळीच्या काचेवर ते अडविणारा लेप असावा, किंवा पुढे तसे काचेचे आवरण असावे. खरेदीपत्रात ही अट स्पष्ट लिहावी. दुसरी अट फ्लॅशच्या पोटी असलेल्या ‘मॉडेलिंग लॅम्प’ची. जुन्या पद्धतीचा हॅलोजन दिवा बरीच उष्णता देतो. तो कागद कोरडा करतो आणि पुढे लावलेले ध्रुवणकारी पटलही वितळवू शकतो. एलईडीचा मॉडेलिंग लॅम्प असलेला फ्लॅशच घ्यावा, आणि जुळवणी होताच तो मंद करावा.

येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, उत्तम प्रतीचे एलईडी फलक आता अनेक ठिकाणी प्रतीकरणासाठी वापरले जातात. त्यांत दिसते तेच चित्रात येते, ही सोय मोठी आहे. मात्र इमारत स्थिर व खोली नियंत्रित असेल, तरच त्यांचा पूर्ण लाभ होतो. आणि ते सतत जळत असल्याने त्यांची मात्रा घड्याळावर अवलंबून राहते. फ्लॅशची मात्रा मोजून दिल्यासारखी असते.

८. खरेदीपूर्वीची परीक्षा

विक्रेत्याच्या आश्वासनापेक्षा अर्ध्या दिवसाची परीक्षा अधिक बोलकी ठरते. तिला विशेष उपकरणे लागत नाहीत. पद्धत पुढीलप्रमाणे :

(१) अंधाऱ्या खोलीत ग्रे कार्ड भिंतीवर बसवावे; कॅमेरा व फ्लॅश यांची जागा पक्की करावी. सर्व स्वयंचलित योजना बंद ठेवून चित्रे रॉ स्वरूपात घ्यावीत.

(२) भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवावे. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण ती अत्यावश्यक आहे. छिद्र लहान केले असता त्याची पाती दर खेपेस मिटतात व उघडतात आणि त्यांच्या हालचालीतच थोडी अनियमितता असते. ती नकळत फ्लॅशच्या माथी मारली जाते. प्रकाश अधिक झाल्यास फ्लॅश दूर न्यावा किंवा भिंगापुढे करडे फिल्टर लावावे.

(३) पूर्ण, पाव व न्यूनतम अशा तीन शक्तींवर प्रत्येकी तीस फ्लॅश, तयारीची सूचना मिळताच, उडवावेत. पहिली चित्रे गाळू नयेत. दोष बहुधा त्यांतच सापडतो. नंतर पाव शक्तीवर हीच मालिका दर फ्लॅशमागे दहा सेकंद थांबून पुन्हा घ्यावी. दोन मालिकांत फरक पडला, तर तयारीची सूचना खोटी आहे असे समजावे.

(४) पूर्ण शक्तीवरून पाव शक्तीवर येऊन लगेच पाच फ्लॅश घ्यावेत. जादा भार जिरविला जातो की नाही ते कळेल.

(५) प्रत्येक चित्रातील कार्डाच्या मध्यभागाची लाल, हिरव्या व निळ्या घटकांची सरासरी, कोणतीही सुधारणा न करता, काढावी. हिरव्या घटकावरून प्रमाणाचे, आणि लाल व निळा यांच्या गुणोत्तरावरून रंगाचे सातत्य कळते. एकाच शक्तीवरील सर्वांत उजळ व सर्वांत मंद चित्रांत ३.५ टक्क्यांहून अधिक अंतर नसावे, अशी मर्यादा आमच्या कामासाठी सुचवावीशी वाटते.

(६) ही परीक्षा सकाळी एकदा व दुपारच्या भरात, पुरवठ्यावर ताण असताना, एकदा करावी; आणि दोन्ही दिव्यांची स्वतंत्रपणे करावी.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे काम प्रात्यक्षिक म्हणून दिल्यास, खरेदीबरोबर मापनातील दोष ओळखण्याचे शिक्षणही होईल.

९. इतर काही विचार

फ्लॅश हे दहा-पंधरा वर्षे वापरावयाचे साधन आहे. म्हणून त्याची नळी बदलता येते काय, ती येथे मिळते काय आणि दुरुस्ती कोण करील, हे प्रश्न आरंभीच विचारावेत. परावर्तक व सॉफ्टबॉक्स ज्या बैठकीवर बसतात, ती बैठक प्रचलित असणे हिताचे. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, तरी तिच्या नावाने ओळखली जाणारी बैठक अन्य अनेक उत्पादकांनी स्वीकारल्यामुळे आजही सर्वत्र चालते. साधनाचे आयुष्य उत्पादकाच्या आयुष्याशी बांधलेले नसावे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

विभागात पूर्वीचे जुने फ्लॅश असतील, तर ते नव्या डिजिटल कॅमेऱ्यास तारेने थेट जोडू नयेत. त्यांपैकी काहींच्या जोडणीवर शेकडो व्होल्टांचा दाब असतो आणि तो कॅमेऱ्याची मंडले जाळू शकतो. रेडिओ-ट्रिगरने हा प्रश्न टळतो. शेवटी एक इशारा : प्लग काढल्यानंतरही धारित्रात प्राणघातक भार दीर्घकाळ टिकून राहतो. कुतूहलाने फ्लॅशचे आवरण उघडण्याचा मोह विद्यार्थ्यांनी कटाक्षाने टाळावा.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष प्राधान्यक्रमाच्या रूपाने मांडता येईल. प्रथम प्रमाणाचे सातत्य, मग रंगाचे सातत्य, विशेषतः ज्या शक्तीवर काम करावयाचे त्या शक्तीवर, मग जंबुपार किरण व उष्णता यांपासून संरक्षण, मग दुरुस्तीची सोय व बैठक, मग कालावधी, आणि सर्वांत शेवटी ज्यूल, तेही गणिताने लागतील तेवढेच. ठराविक रकमेत १,००० ज्यूलचा एक फ्लॅश की २०० ते ४०० ज्यूलचे दोन सातत्यपूर्ण फ्लॅश, असा प्रश्न आल्यास उत्तर निःसंशय दुसऱ्याच्या बाजूने द्यावे.

लेखनिकाने शतकांपूर्वी उतरविलेल्या पोथीत त्याच्या हातून एखादे अक्षर चुकले, तर संपादक दुसऱ्या पोथीशी ताडून ते दुरुस्त करतो. छायाचित्रकार हा आजचा लेखनिक होय. त्याच्या दिव्याने घातलेली चूक मात्र कोणत्याही अक्षरात दिसत नाही. ती कागदाच्या रंगात व शाईच्या छटेत मिसळून जाते आणि मूळ पोथी हाताशी नसेल, तर ती ताडून पाहण्यास काहीच उरत नाही. म्हणून ती चूक शिरण्यापूर्वीच, म्हणजे दिवा निवडतानाच, दक्षता घेतली पाहिजे.